पेठेतल्या रस्त्याचे नियम एका कागदावर यावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या नवी पेठेत माझे वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान आहे आणि दुकानाच्याच वरच्या मजल्यावर घर आहे. त्यामुळे पहाटेच्या खराट्याच्या आवाजापासून रात्री शेवटचे शटर खाली ओढले जाईपर्यंत हा रस्ता मी रोज पाहतो. दत्त चौक, चाटी गल्ली, मधला मारुती, टिळक चौक, माणिक चौक आणि पार्क चौक एवढ्या टापूत शहराचे कापड, सोने, भांडी, पूजेचे साहित्य, मिरवणुका, सभा आणि सणासुदीची गर्दी असे सारे सामावलेले आहे. या टापूतल्या सार्वजनिक जागेवर कोणी, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या अटींवर काय करावे, याचे नियम कोणालाही वाचता येतील अशा रीतीने एका जागी मिळावेत, आणि महानगरपालिकेने पोलीस आयुक्तालयाच्या सहमतीने ते रीतसर तयार करावेत, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही मागणी मनात घट्ट होण्याला एक साधा प्रसंग कारण झाला. आम्हा काही ज्येष्ठांचा एक वाचकगट आहे. पेठेतल्या एका गल्लीचे तोंड बरेच रुंद आहे आणि रविवारी संध्याकाळी तिथली दुकाने बंद असतात. तिथे दोन तास सहा टेबले मांडून जुन्या पुस्तकांची अदलाबदल करावी, असे आम्ही ठरवले. ध्वनिक्षेपक नाही, मंडप नाही, विक्री नाही. अर्ज लिहिला आणि एका कार्यालयात नेऊन दिला. तिथे सांगण्यात आले की आधी वाहतुकीचे ना हरकत पत्र आणा. ते मागायला गेलो, तर जागा ज्यांची आहे त्यांची परवानगी आधी लागेल, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी अग्निशमनाचा दाखला आणि पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर हमीपत्र मागितले गेले. एकोणीस दिवस गेले. माझ्याकडच्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आज त्याच अर्जाच्या पाच प्रती आहेत, प्रत्येकीवर आवक विभागाचा जांभळा गोल शिक्का आहे, आणि एकीवरही हो किंवा नाही असा शेरा नाही. शेवटी तोंडी सांगितले गेले, ‘‘तुम्ही करा हो काका, पण कोणी तक्रार केली तर उठावे लागेल.’’ आमच्यातले बहुतेक निवृत्त शिक्षक आहेत. भर रस्त्यात, ओळखीच्या लोकांसमोर कोणीतरी उठवावे, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही, आणि बेत रद्द झाला.

एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. आमच्याशी कोणीही उद्धटपणे वागले नाही. एका लिपिकाने तर स्वतः उठून आम्हाला खुर्ची दिली. पण अशा अर्जाचे काय करायचे हे सांगणारा कागद त्याच्याही समोर नव्हता. ज्याच्यापाशी नियम नसतो तो जबाबदारी पुढच्या टेबलावर ढकलतो, आणि त्याच्या जागी बसलेल्या माणसाला त्यात फारसा दोष देता येत नाही.

आपल्या शहराला सार्वजनिक कार्यक्रम शिस्तीत करता येत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत श्री सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज याच जुन्या पेठांतून निघतात. तैलाभिषेक कोणत्या दिवशी, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा केव्हा, होमप्रदीपन केव्हा, शोभेचे दारूकाम केव्हा, हे लहान मुलालाही पाठ असते. ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेचा मार्ग ठरलेला आहे. नंदीध्वजांची उंची लक्षात घेऊन वाटेतल्या तारांचा विचार आधी होतो, वाहतूक आधी वळवली जाते आणि दुकानदार आपले सामान आधीच आत घेतो. तिथे परंपरा हाच नियम आहे आणि तो सर्वांना तोंडपाठ आहे. अडचण होते ती जे लहान आहे आणि जे नवीन आहे त्याची. ज्या मंडळापाशी शेकडो कार्यकर्ते आहेत त्याला रस्ता मिळतो, कारण त्याला नाही म्हणणे अवघड असते. सहा टेबले मांडू इच्छिणाऱ्या म्हाताऱ्यांना, चौकात पथनाट्य करू पाहणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींना किंवा रविवारी सकाळी एखाद्या गल्लीत तासभर मुलांना लेझीम शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाला मात्र नाही म्हणणे फार सोपे असते. लिखित नियम नसल्याचा खरा तोटा या लहानांना होतो, आणि या पत्रातून मला प्रामुख्याने सांगायचे आहे ते हेच.

कायदे नाहीत असे मुळीच नाही. ते विखुरलेले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ ने पोलीस आयुक्तांना रस्त्यावरील वाहतूक, सभा आणि मिरवणुका यांचे नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. कलम ३६ खाली मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ यांबाबत निर्देश देता येतात, आणि कलम ३७ (३) खाली जमावबंदीचा आदेश काढता येतो. या शेवटच्या आदेशाला पंधरा दिवसांची मर्यादा आहे आणि त्यापुढे तो चालू ठेवायचा तर राज्य शासनाची मंजुरी लागते. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. १ जुलै २०२४ पूर्वी आपण त्यालाच १४४ म्हणत होतो, आणि बोलण्यात अजूनही तेच म्हणतो. कलम ३७ चे आदेश आपल्या शहरात वरचेवर निघतात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्यांची चार ओळींची बातमी येते, आणि सण, परीक्षा, निवडणूक किंवा आंदोलन यांपैकी कोणते कारण त्यामागे आहे, एवढेही अनेकदा त्या बातमीतून कळत नाही. आमचा पुस्तकांचा कार्यक्रम अशा एखाद्या आदेशात बसतो की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही.

याच अधिनियमाखालच्या नियमांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हिम्मतलाल शाह यांच्या प्रकरणात जो निकाल दिला, त्याची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. अहमदाबादेत रस्त्यावर सभा घेण्यास पोलिसांनी परवानगी नाकारली होती, म्हणून ते प्रकरण न्यायालयात गेले. सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन शासन करू शकते, परंतु परवानगी कोणत्या कसोटीवर द्यायची किंवा नाकारायची हे न सांगता तो अधिकार केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि तसा नियम रद्द केला. अधिकाऱ्याला अधिकार असावा, पण त्याला कसोटी असावी, असा त्याचा साधा अर्थ आहे. आमच्या अर्जावर कसोटी लावली गेलीच नाही, कारण ती कोणालाच ठाऊक नव्हती.

सोलापूरला या विषयाचे महत्त्व बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला तेव्हा राष्ट्रध्वज हाती धरणे हाही रस्त्यावरचा गुन्हा ठरला होता. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली आणि त्यांचे पुतळे आज याच टापूच्या तोंडाशी उभे आहेत. आजच्या परवानग्यांची तुलना त्या काळाशी करणे अन्यायाचे होईल आणि मी ती करीत नाही. पण रस्त्यावर उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचा हक्क ज्या शहराने एवढी किंमत देऊन मिळवला, त्या शहरात तो हक्क टेबलावरच्या माणसाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

आता आवाजाविषयी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, तर निवासी भागात अनुक्रमे ५५ आणि ४५ डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य शासन ही वेळ मध्यरात्री बारापर्यंत वाढवू शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे किमान शंभर मीटर राज्य शासनाला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते आणि तिथली मर्यादा याहून कडक आहे. आमच्या पेठेत खाली दुकान आणि वर घर अशी बहुतेक इमारतींची रचना आहे. मग आम्ही व्यापारी भागात मोडतो की निवासी, हा प्रश्न माझ्या आईसाठी पुस्तकी नाही. ती ऐंशीच्या पुढची आहे. मोठ्या भोंग्यांची गाडी घरासमोर थांबते तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवरची पितळी ताटे एकमेकांवर वाजू लागतात, आणि ती एक हात छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने ती ताटे धरून उभी राहते. मिरवणूक पुढे जाईपर्यंत ती तशीच असते. मिरवणूक बंद करा, असे तिने आजवर कधी म्हटलेले नाही. लेझीम आणि हलगी असली की ती स्वतः खिडकीत येते. तिला आणि आम्हाला हवे आहे ते एवढेच की सवलतीचे पंधरा दिवस कोणते, आमच्या गल्लीला कोणती मर्यादा लागू आहे, शांतता क्षेत्र कोणत्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि रात्री साडेदहाला फोन कोणाला करायचा, हे चौकातल्या फलकावर लिहिलेले असावे.

फेरीवाल्यांचा प्रश्न याहून जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि दुकानदार म्हणून मी त्यात तटस्थ असल्याचा दावा करणार नाही. माझ्या पायरीपासून दहा पावलांवर एक मावशी बसतात. रांगोळी, वाती, हळदकुंकू आणि सणानुसार जे लागेल ते विकतात. त्यांच्या ओट्याच्या चादरीच्या चारही कोपऱ्यांना सुतळी बांधलेली असते आणि चारही सुतळ्यांची टोके त्यांच्या मांडीखाली असतात. अतिक्रमण हटवणारी गाडी आली, अशी हाक टिळक चौकाच्या बाजूने आली की एका हिसक्यात सगळ्या मालाचे गाठोडे होते आणि त्या बोळात नाहीशा होतात. तासाभराने परत येतात, सांडलेली रांगोळी हाताने गोळा करतात, आणि पुन्हा चादर पसरतात. हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. यात रस्ता मोकळा होत नाही आणि मावशींचा धंदाही नीट होत नाही.

पथविक्रेता अधिनियम २०१४ मध्ये मार्ग आखून दिलेला आहे. दर पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेईल अशी योजना असावी, असे तो कायदा सांगतो. २०११ च्या जनगणनेतली सोलापूरची साडेनऊ लाख लोकसंख्या धरली तरी हा आकडा चोवीस हजारांच्या आसपास जातो. शहर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. स्थलांतर करायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. हा कायदा मावशींना कोणी वाचून दाखवलेला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हा दुकानदारांपैकीही फार थोड्यांनी तो वाचला असेल. कोणत्या गल्लीत बसता येईल, कोणत्या वेळेत बसता येईल आणि कुठे अजिबात बसता येणार नाही, याचा नकाशा कोपऱ्याकोपऱ्यावर लावला तर निम्मे तंटे तिथेच मिटतील. त्याच नकाशात आमच्या दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्या, पदपथावर उभे केलेले कपडे दाखवण्याचे पुतळे आणि लोंबते कपडे यांचीही हद्द आखली गेली पाहिजे. चालणाऱ्याला रस्त्यावर उतरायला लावण्यात आमचा वाटा मावशींच्या चादरीहून मोठा आहे, आणि मोहिमेच्या दिवशी आमची पायरी शाबूत राहते, हे मला बोचते.

मोर्चे आणि धरणे हाही सार्वजनिक जागेचाच वापर आहे. यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार भगिनी पूर्व भागातून चालत येतात आणि जिल्हा परिषदेच्या पूनम गेटपाशी धरण्याला बसतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचे ऊन चाळीस अंशांच्या वर असते. शेकडो स्त्रिया डांबरावर बसलेल्या असताना पिण्याचे पाणी कुठे, सावली कुठे आणि स्वच्छतागृह कुठे, या प्रश्नांची उत्तरे मोर्चा निघण्यापूर्वी ठरलेली असावीत. नियमावली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त मनाईची कलमे येतात. जागा नेमून देणाऱ्याने त्या जागेवर किमान काय पुरवायचे, हेही नियमातच असले पाहिजे. फलक आणि फ्लेक्स यांविषयी मी अधिक लिहीत नाही. मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे, तो सर्वांना सारखा लावावा, इतकेच म्हणणे आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५८ खाली महानगरपालिकेला उपविधी करता येतात. पेठेच्या टापूपुरता असा एक उपविधी करून, पोलिसांच्या अखत्यारीतल्या बाबी आयुक्तालयाच्या नियमांशी जोडून घेतल्या, तर दोन्ही मिळून एक पुस्तिका होऊ शकेल. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्यात लहान कार्यक्रमाला वेगळी वागणूक असावी. पन्नासपेक्षा कमी माणसे, ध्वनिक्षेपक नाही, वाहनांची वाट अडत नाही आणि वेळ तीन तासांहून कमी, एवढ्या अटी पाळणाऱ्याला परवानगीची गरजच नसावी आणि दोन दिवस आधी दिलेली लेखी सूचना पुरेशी मानावी. त्याहून मोठ्या कार्यक्रमासाठी अर्ज एकाच खिडकीवर घ्यावा आणि बाकीच्या विभागांची ना हरकत पत्रे त्या खिडकीने स्वतः मागवावीत. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजावे. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्यावा आणि शक्य असेल तिथे दुसरी जागा किंवा दुसरी वेळ सुचवावी. शुल्क आणि अनामत यांचे दर छापलेले असावेत. ही परवानगी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित करून घेतली, तर मुदतीचे बंधन कागदावर राहणार नाही, कारण त्या कायद्यात अपिलाची तरतूद आहे आणि दिरंगाई करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यावर एक आक्षेप मला दिसतो. परवानगी सोपी केली तर प्रत्येक रविवारी प्रत्येक चौकात काहीतरी सुरू राहील आणि गिऱ्हाईक पेठेत यायचे बंद होईल, असे माझे व्यापारी बंधू म्हणतील. त्यांची भीती खोटी नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चाटी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या आठवड्यात माझाही गल्ला त्याच गर्दीवर चालतो. म्हणूनच वर्षातले काही दिवस आणि काही रस्ते राखीव ठेवून तसे आधीच जाहीर करावे आणि एका जागी एका महिन्यात किती कार्यक्रम व्हावेत याला मर्यादा घालावी. पण ही मर्यादा देखील छापलेली आणि सर्वांना सारखी असावी. वजनदार मंडळाला ती सैल आणि वाचकगटाला ती आवळ असे होता कामा नये.

मसुदा तयार झाला की तो केवळ संकेतस्थळावर टाकून हरकती मागवू नयेत. विभागीय कार्यालयांत, ग्रंथालयांत आणि मंडईत त्याच्या प्रती वाचायला ठेवाव्यात. मूळ मसुदा मराठीत असावाच, आणि सोबत तेलुगू, कन्नड व उर्दू भाषांत त्याचा सारांश द्यावा, कारण या पेठांत माल विकणाऱ्या आणि या रस्त्यांवरून मोर्चाने चालणाऱ्या अनेकांच्या घरात त्या भाषा बोलल्या जातात. ज्यांच्यावर नियम लागू होणार त्यांना तो आपल्या भाषेत वाचता आला, तर तो मोडण्याआधी ते दोनदा विचार करतील, आणि कोणी तो चुकीचा लावला तर त्याच कागदावर बोट ठेवून विचारू शकतील.

आमच्या वाचकगटाने पुस्तकांच्या अदलाबदलीचा अर्ज पुन्हा करायचे ठरवले आहे. यंदाही सहा टेबले, दोन तास आणि तीच गल्ली आहे. अर्जासोबत या पत्राचे कात्रण जोडून ते महानगरपालिकेचे आयुक्त आणि पोलीस आयुक्त या दोघांनाही आम्ही देणार आहोत. त्यावर होकार मिळाला तर आनंदच आहे, आणि नकार मिळाला तर तो कोणत्या नियमाखाली मिळाला हे लिहून द्यावे, अशी आमची नम्र विनंती राहील.

आपला नम्र,
एक पुस्तक विक्रेता व रहिवासी,
नवी पेठ, सोलापूर